हिशेबनिसाची बुटकी गाडी

इटलीतल्या तूरीन शहरात ज्युझेप्पे लान्चा नावाच्या एका सधन गृहस्थाचे घर होते. गृहस्थ मूळचे आल्प्सच्या कुशीतल्या फोबेल्लो या खेड्याचे. तरुणपणी अर्जेंटिनाला गेले, डबाबंद खाद्यपदार्थांच्या धंद्यात पैसा केला आणि मायदेशी परतले. तूरीनच्या घराच्या अंगणातली जागा त्यांनी चेरानो नावाच्या एका सायकली बनवणाऱ्याला भाड्याने दिली होती. घरमालक जागा देताना भाडे बघतो. आपल्या धाकट्या मुलाच्या आयुष्यावर या भाडेकरूचा काय परिणाम होणार आहे, याची चौकशी कोणी करत नाही. ज्युझेप्पेंनीही केली नाही, आणि मोटारींच्या इतिहासाला एक वेगळे वळण लागले.

धाकटा मुलगा म्हणजे विन्चेन्झो. जन्म २४ ऑगस्ट १८८१ चा. आपल्याकडच्या मासिकांत त्याचे आडनाव ‘लॅन्सिया’ असे छापलेले दिसते, पण इटालियन लोक ‘लान्चा’ म्हणतात. आपणही तेच म्हणू. वडिलांची इच्छा मुलाने चार लोकांसारखे शिकून हिशेबाचे किंवा कायद्याचे काम करावे अशी. मुलाचे लक्ष मात्र अंगणातल्या खडखडाटाकडे. अखेर बापलेकांत तडजोड झाली. १८९८ साली सतरा वर्षांचा विन्चेन्झो चेरानोच्या कारखान्यात हिशेबनीस म्हणून कामाला लागला.

मी तीन दशके बँकेत लेजरे सांभाळली, त्यामुळे या हिशेबनिसाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या शाखेतही असे काही लोक होते. कागदोपत्री क्लार्क, पण जीव कुठे नाटकात, कुठे क्रिकेटमध्ये, कुठे रेडिओ दुरुस्तीत. दिवसाचा ताळा जमला की हे गृहस्थ गायब. फरक इतकाच, की विन्चेन्झोच्या बाबतीत गायब व्हायला फार लांब जावे लागत नसे. टेबलावरून उठले की चार पावलांवर इंजिन उघडे पडलेले असायचे. वर्षभरात त्याची ख्याती हिशेबापेक्षा बिघडलेले यंत्र ओळखणारा मुलगा म्हणून झाली.

१८९९ च्या जुलैत तूरीनमध्ये फियाट कंपनी स्थापन झाली. तिने चेरानोचा कारखाना, त्याच्या मोटारीचा आराखडा आणि माणसे असे सगळेच विकत घेतले. त्या मालमत्तेबरोबर विन्चेन्झोही फियाटमध्ये गेला आणि तिथे गाड्या चालवून तपासणारा मुख्य माणूस झाला. फियाट हे नाव आपल्याला परके नाही. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीत याच फियाटच्या गाड्या बनत. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना पद्मिनीची जन्मकथा सांगायला नको. त्या मूळच्या फियाटच्या अगदी पहिल्या पिढीतला हा टेस्ट ड्रायव्हर.

त्या काळात मोटारी खपवायच्या तर शर्यती जिंकाव्या लागत. फियाटने विन्चेन्झो आणि फेलिचे नाझ्झारो या दोन तरुणांना शर्यतीत उतरवले. दोघांचा स्वभाव अगदी विरुद्ध. नाझ्झारो थंड डोक्याचा, यंत्राला जपून शेवटपर्यंत नेणारा. विन्चेन्झो आडव्या अंगाचा, खाण्यापिण्याचा शौकीन, मोठ्याने हसणारा, वाग्नरच्या संगीतावर जीव टाकणारा; मित्र त्याला पिदमोंती बोलीत ‘चेन्सीन’ म्हणत. शर्यत सुरू झाली की हा बाणासारखा सुटे, सगळ्यांच्या पुढे जाई, आणि मग काहीतरी मोडे. १९०४ साली ब्रेशाची कोप्पा फ्लोरिओ त्याने जिंकली. पण १९०५ च्या गॉर्डन बेनेट शर्यतीत तो आघाडीवर असताना एका दगडाने रेडिएटर फोडला. त्याच वर्षी अमेरिकेत व्हँडरबिल्ट कपच्या शर्यतीत पुन्हा भरपूर आघाडी घेतली असताना एका दुसऱ्या गाडीच्या थेट पुढ्यात रस्त्यावर आला, टक्कर झाली आणि चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. पुढल्या वर्षी तिथेच दुसरा. १९०७ च्या तार्गा फ्लोरिओत नाझ्झारो पहिला, हा दुसरा.

शर्यतीच्या गाडीत बसणाऱ्याला रस्ता पाठीच्या कण्यातून कळतो. त्या काळचे रस्ते म्हणजे खडी आणि धूळ, आणि गाड्या म्हणजे बैलगाडीच्या सांगाड्यावर चढवलेले राक्षसी इंजिन. कुठे काय मोडते, का मोडते आणि मोडण्याआधी ते कसे कुरकुरते, हे चेन्सीनइतके फार थोड्यांना ठाऊक असेल. त्याची पुढली सारी कारकीर्द मला या मोडतोडीची भरपाई वाटते.

२९ नोव्हेंबर १९०६ रोजी त्याने क्लाउदिओ फोगोलीन या फियाटमधल्याच सहकाऱ्याबरोबर स्वतःची कंपनी काढली. दोघांनी पन्नास-पन्नास हजार लिरा घातले. भांडवल एक लाख. कर्जविभागात बसून मी असे कितीतरी भागीदारीचे कागद वाचले आहेत आणि त्यातल्या निम्म्यांचे पुढे काय झाले तेही पाहिले आहे. लान्चा आणि कंपनीचे पहिलेच वर्ष असे, की कोणत्याही मॅनेजरने फाइल बाजूला ठेवली असती. १९०७ च्या फेब्रुवारीत कारखान्याला आग लागली. यंत्रे, आराखडे आणि जवळजवळ तयार झालेली पहिली गाडी असे बरेच काही तिच्यात गेले. सगळे पुन्हा उभे केले. सप्टेंबरमध्ये गाडी तयार झाली, तर म्हणे ती कारखान्याच्या दारातून बाहेर निघेना. भिंतीचा कोपरा छिन्नीने फोडून काढली. ही गोष्ट थोडी रंगवलेली असेल, पण लान्चाच्या स्वभावाला शोभते.

विन्चेन्झोचा थोरला भाऊ जोव्हान्नी हा प्राचीन भाषांचा जाणकार. त्याच्या सुचवण्यावरून गाड्यांना ग्रीक अक्षरांची नावे देण्याची प्रथा पडली. १९१३ च्या थीटा गाडीत दिवे-स्टार्टरसह विजेची सगळी सोय कंपनीकडूनच बसवून येत असे. मग महायुद्ध आले, कारखान्यातून लष्करी ट्रक आणि चिलखती गाड्या निघू लागल्या. त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पैसा आला, एवढे खरे.

आणि आता त्या गाडीकडे येतो, जिच्यासाठी मी हा सारा प्रपंच मांडला.

आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाने मध्यंतरी जुनी सेडान घेतली. गाडी धावायला चांगली, पण त्याला ती शर्यतीच्या गाडीसारखी ‘बसलेली’ हवी होती. गॅरेजवाल्याने ग्राइंडर घेतला आणि चारही स्प्रिंगांचे वेटोळे कापून टाकले. गाडी दोन-अडीच इंच खाली आली. दिसायला झकास. पण कोपऱ्यावरचा स्पीडब्रेकर आला की पोटाखाली खणकन आवाज येई, आणि मागे बसलेली त्याची आजी देवाचे नाव घेई. महिन्याभरात आजी रिक्षाने जाऊ लागली.

असे का होते, ते समजायला इंजिनिअर असावे लागत नाही. खड्ड्यातून जाताना चाकाला वर यायला जागा लागते. गाडी खाली आणताना तुम्ही नेमकी तीच जागा खाता. शिवाय वेटोळी कमी केली की उरलेली स्प्रिंग आखूड होते तशी ताठही होते. शॉकअब्सॉर्बर बिचारा जुन्या स्प्रिंगच्या मापाने बनलेला; त्याला या नव्या ताठपणाला आवरता येत नाही. थोडक्यात, जागा कमी, स्प्रिंग कडक आणि लगाम ढिला. म्हणून जाणकार मेकॅनिक कापाकापीच्या भानगडीत पडत नाही. तो मुळातच आखूड बनवलेली, दाबत जाऊ तशी घट्ट होत जाणारी स्प्रिंग घालतो, तिच्या जोडीचे शॉकअब्सॉर्बर घालतो, आणि इंचभर खाली आणून थांबतो. हौशी मुलाला ते इंचभर पुरत नाही, ही वेगळी गोष्ट.

मुळात गाडी खाली का आणायची? दिसण्यासाठी तर आहेच. पण खरे कारण असे, की वजन जितके जमिनीजवळ, तितकी गाडी वळणावर कमी कलंडते. उंच टांगा आणि बुटका गाडा यांतला हा फरक आपल्या आजोबांनाही ठाऊक होता. पेच असा, की वळणावर स्थिर राहायला गाडी बुटकी आणि कडक हवी. खड्ड्यातून सुखाने जायला उंच आणि मऊ हवी. एक सांभाळावे तर दुसरे सुटते. शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारी तर दोन्हीकडून नापास होत्या. तेव्हा दोन लांब लोखंडी तुळयांची चासी असे. ती ॲक्सलच्या वर, पाट्यांच्या स्प्रिंगवर बसे. चासीवर लाकडी सांगाड्याची बॉडी, बॉडीत खुर्च्या, खुर्च्यांत माणसे. आत शिरायचे म्हणजे घोड्यावर चढल्यासारखे चढायचे. एवढी उंच इमारत वळणावर डुलू नये म्हणून पाटे कडक ठेवत, म्हणजे वर माणसांची हाडे खिळखिळी.

लान्चाने या पेचाकडे वेगळ्याच बाजूने पाहिले. स्प्रिंग आखूड करून गाडी खाली आणायच्या भानगडीत तो पडला नाही. माणसे मुळात इतकी वर का बसली आहेत, असा त्याचा प्रश्न होता. ती चासीच्या वर बसली आहेत, म्हणून. मग चासीच काढून टाकली तर? जहाजाला कुठे वेगळी चासी असते. त्याचे कवच हाच त्याचा सांगाडा. बॉडीच्याच बाजू पोलादी पत्र्याच्या, खोल आणि भक्कम केल्या, आसनांच्या पाठी आडव्या भिंतींसारख्या जोडल्या, की सगळी मिळून एक ताठ पेटी होईल आणि माणसे तिच्या तळाशी, चाकांच्या मधोमध बसतील. इंजिनाकडून मागल्या चाकांकडे जाणारा दांडा आड येतो, तर त्याच्यासाठी जमिनीतून एक उंचवटा काढावा आणि माणसांना त्याच्या दोन्ही बाजूंना खाली बसवावे. आज मागच्या सीटवर मधल्या माणसाच्या पायांत येणारा जो उंचवटा आपण शिव्या देत सोसतो, तो असा आला. या कल्पनेच्या पेटंटचा अर्ज लान्चाने १९१८ च्या अखेरीस केला.

दुसरी अडचण पुढच्या चाकांची. आईला घेऊन फोबेल्लोला जाताना गाडीचा पुढचा पाटा तुटला, गाडी हाताबाहेर जाता जाता वाचली, आणि तेव्हाच प्रत्येक चाकाला स्वतंत्र आधार देण्याचा विचार त्याच्या डोक्यात आला, अशी कथा त्याचे चरित्रकार सांगतात. दोन्ही चाके एकाच जड ॲक्सलवर असली की डावे चाक खड्ड्यात गेले तर उजव्यालाही त्याचा हिसका बसतो. लान्चाने हा प्रश्न बात्तिस्ता फाल्केत्तो या तरुण आराखडाकारापुढे टाकला. फाल्केत्तोने एका रात्रीत चौदा वेगवेगळ्या रचना कागदावर उतरवल्या म्हणतात. त्यातली एक लान्चाने निवडली: दोन्ही बाजूंना एकेक उभा खांब, चाक त्या खांबावर वरखाली सरकणार, आत वेटोळ्याची स्प्रिंग आणि तिची उसळी आवरायला तेल. ही सरकत्या खांबाची युक्ती त्याच्या आधीही होती, इंग्लंडमधल्या मॉर्गनच्या तीनचाकीत १९१० पासून ती वापरात होती. पण मोठ्या कुटुंबाच्या गाडीत, तेलाचा दाब घालून आणि ताठ पोलादी पेटीला जोडून ती कोणी वापरली नव्हती.

आता सगळे धागे जुळले. पेटी ताठ, म्हणून गाडी स्वतः पिळवटत नाही आणि स्प्रिंगचे काम स्प्रिंगच करते. बैठक खाली, म्हणून वळणावर कलंडण्याची भीती कमी. भीती कमी, म्हणून स्प्रिंग मऊ ठेवता येते. आणि गाडी खाली आली तरी चाकांची वरखाली होण्याची जागा जशीच्या तशी. एका बाजूचे कर्ज फेडायला दुसऱ्या बाजूने उचल घ्यावी लागली नाही. बँकेत मला असा हिशेब क्वचितच बघायला मिळाला.

१९२१ च्या सप्टेंबरात नमुन्याची गाडी डोंगरवाटांवर फिरवून पाहिली. चालवायला खुद्द लान्चा आणि त्याचा विश्वासू चालक लुइजी जिस्मोंदी. १९२२ च्या शरद ऋतूत पॅरिसच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. नाव लॅम्बडा. बाकीच्या गाड्या तिच्याशेजारी कपाटासारख्या उभ्या दिसत होत्या. इंजिन २१२० सीसीचे, चार सिलिंडरांचे. पण ते दोन-दोनच्या रांगांत इतके चिकटवून बसवलेले, की त्यांच्यातला कोन जेमतेम तेरा अंशांचा. त्यामुळे इंजिन आखूड झाले आणि माणसांना जागा मिळाली. पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांमधले अंतर तीन मीटरहून जास्त, त्यामुळे गाडी नाक आपटत चालत नसे. चारही चाकांना ब्रेक. ताकद पन्नास अश्वशक्तीच्या आतच, तरी तिचा वेग ताशी ११०च्या पुढे जाई. मागे मात्र साधा ॲक्सल आणि पाटेच होते, हेही नमूद केले पाहिजे.

गिऱ्हाईक कुठलेही असो, त्याची एक तक्रार असतेच. लॅम्बडा उघडी गाडी होती, आणि कुटुंबवत्सल लोकांना डोक्यावर छप्पर हवे होते. लान्चाने बसवता-काढता येणारे टणक छप्पर दिले, की हिवाळ्यात सेडान आणि उन्हाळ्यात उघडी. श्रीमंत गिऱ्हाइकांना तेवढ्याने समाधान नव्हते. त्यांना आपल्या शिंप्याकडून कपडे शिवावेत तशी आपल्या कारागिराकडून बॉडी करून घ्यायची होती. पुढल्या मालिकांत त्यांच्यासाठी नुसता खालचा सांगाडाही द्यावा लागला. मला यात थोडी खंत दिसते. ज्या कल्पनेवर गाडी उभी होती, तीच बाजारासाठी सोडावी लागली. तरी १९३१ पर्यंत सुमारे तेरा हजार लॅम्बडा विकल्या गेल्या, आणि १९२८ च्या मिल्ले मिलिया या हजार मैलांच्या शर्यतीत खास शर्यतीच्या गाड्यांच्या गर्दीत लॅम्बडा तिसरी आली.

त्यानंतरची काही वर्षे मोठ्या, महागड्या गाड्यांची. अमेरिकेत बस्तान बसवायचा बेत फसला. त्या बाजारावर डोळा ठेवून केलेली डिलॅम्बडा पुन्हा वेगळ्या चासीवरच होती. मग मंदी आली. आणि मंदीने लान्चाला परत त्याच्या मूळ कल्पनेकडे ढकलले. १९३३ ची छोटी ऑगस्टा ही बंद सेडान होती, एकसंध पोलादी कवचाची, आणि तिच्या दारांमध्ये खांबच नव्हता. पुढचे दार पुढे आणि मागचे मागे उघडले की सबंध बाजू मोकळी.

मग त्याने शेवटचे काम हाती घेतले. माणूस पन्नाशी ओलांडलेला, वजन वाढलेले, हृदयाला ताण. सहकाऱ्यांना त्याने अशी सेडान मागितली, की जिच्यात पाच माणसे बसतील, जी हलकी असेल, वाऱ्याला कमी अडेल, आणि चारही चाके स्वतंत्र असतील. लॅम्बडामध्ये मागे राहिलेला पाट्यांचा हिशेब त्याला आता पुरा करायचा होता. तूरीनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या वाऱ्याच्या बोगद्यात गाडीचा आकार तपासला गेला. ज्या काळात मोटारी कपाटासारख्या चौकोनी होत्या, त्या काळात तिची पाठ थेंबासारखी निमुळती होत गेली. मागली चाके स्वतंत्र बाह्यांवर. त्यांचे ब्रेकही चाकांत न ठेवता आत, मधोमध बसवले, कारण चाकाबरोबर उसळणारे वजन जितके कमी, तितके चाक रस्ता सोडत नाही. जड बूट घातलेला माणूस आणि चपला घातलेला माणूस यांच्या चालीतला फरक डोळ्यांसमोर आणा. इंजिन अवघे १३५२ सीसीचे, पण ही घरगुती सेडान ताशी सव्वाशे किलोमीटरने जाई, आणि तेही आतल्या माणसांना न हादरवता. नाव एप्रिलिया.

लान्चाने नमुना स्वतः चालवून पाहिला. १९३६ च्या शरद ऋतूत पॅरिसला ती दाखवली गेली. कारखान्यात तिचे उत्पादन नीट सुरू होण्याआधी, १५ फेब्रुवारी १९३७ रोजी पहाटे, हृदयविकाराच्या झटक्याने विन्चेन्झो लान्चा गेला. वय पंचावन्न. फोबेल्लोलाच त्याला मूठमाती देण्यात आली. त्याच्या पत्नीने, आदेलेने, कारखान्याचा कारभार हाती घेतला. मुलगा जान्नी तेव्हा शाळकरी वयाचा होता.

एप्रिलिया महायुद्ध ओलांडून १९४९ पर्यंत बनत राहिली, सत्तावीस हजारांच्या वर. जान्नी मोठा झाला, त्याने ऑरेलियासारखी देखणी गाडी काढली आणि शर्यतींवर इतका खर्च केला, की पन्नाशीच्या दशकात कंपनी घराण्याच्या हातून गेली. वडिलांनी शर्यती सोडून कारखाना उभारला, मुलाने कारखाना शर्यतींत घालवला. कादंबरीत असे लिहिले तर समीक्षक फार जुळवून आणले म्हणतील. १९६९ साली कर्जात बुडालेली लान्चा फियाटने विकत घेतली. चेरानोच्या अंगणातून ज्या कंपनीत विन्चेन्झो पोरवयात गेला होता आणि जी सोडून त्याने पन्नास हजार लिरा घातले होते, त्याच कंपनीच्या वहीत त्याचे नाव पुन्हा जमा झाले.

फाल्केत्तोने रात्री जागून काढलेला तो सरकता खांब मात्र टिकला. लान्चाच्या शेवटच्या ज्या छोट्या सेडानमध्ये तो होता, तिचे नाव आप्पिया, आणि ती १९६३ पर्यंत बनत होती.